नॅनो : इंजिन पाठीशी, सिलिंडर दोनच!

ही गाडी डोळ्यांआधी कानांना कळते. चौकात सिग्नलला दहा-बारा गाड्या थांबलेल्या असतात, सगळ्यांची इंजिनं गुळगुळीत गुणगुणत असतात आणि मधूनच एकीचा वेगळाच ठेका ऐकू येतो... डग-डग, डग-डग. मोटार म्हणावी तर आवाज रिक्षाच्या जवळचा, रिक्षा म्हणावी तर चार दारं आणि चार चाकं. मान वळवून पाहावं, तर लाडवासारखी गोल, उंच, आखूड टाटा नॅनो उभी असते. उत्पादन थांबल्याला काही वर्षं झाली, तरी गल्लीबोळांत, तालुक्याच्या बाजारात, शाळेच्या फाटकाशी ती अजून दिसते. जुन्या गाड्यांच्या बाजारात तिला गिऱ्हाईकही मिळतं.

नॅनोबद्दल आजवर भरपूर लिहिलं-बोललं गेलं. पण ते बहुतेक किमतीबद्दल, सिंगूरच्या जमिनीबद्दल, नाहीतर तिच्या अपयशाबद्दल. तिच्या इंजिनाबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. खरी गंमत तर तिथेच आहे! पेट्रोलवर चालणारी, चार माणसांची, दोन सिलिंडरांची आणि इंजिन मागे असलेली अशी दुसरी मोटार एकविसाव्या शतकात कुठल्या मोठ्या कारखान्याने लाखांच्या हिशेबात विकल्याचं उदाहरण सापडणार नाही.

हे इंजिन असं का झालं, हे समजायचं तर आधी तो आकडा आठवायला हवा. एक लाख रुपये.

भर पावसात एका स्कूटरवरून चाललेलं चौघांचं कुटुंब पाहिलं आणि या लोकांसाठी सुरक्षित, परवडणारं वाहन हवं असं वाटलं, ही रतन टाटांनी अनेकदा सांगितलेली हकीकत. बाप हँडलवर, पुढे उभा पोरगा, मागे आई, तिच्या मांडीवर धाकटं. हे दृश्य आपल्याकडे इतकं रोजचं आहे, की त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटतच नाही. २००३च्या सुमारास टाटांच्या तोंडून लाखाच्या गाडीची गोष्ट वर्तमानपत्रांत आली आणि तो आकडा कंपनीच्या गळ्यातच पडला. त्या काळी देशातली सगळ्यात स्वस्त खपाऊ गाडी म्हणजे मारुती ८००. तिची किंमत याच्या दुपटीच्या आसपास होती. निम्म्या पैशांत गाडी करायची म्हणजे मारुतीची काटकसरीची आवृत्ती काढून भागणार नव्हतं. पाटी कोरी करूनच सुरुवात करावी लागणार होती.

हे काम पुण्यात झालं. टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या अभियंत्यांच्या चमूचे प्रमुख होते गिरीश वाघ. ‘छोटा हाथी’ म्हणून गावोगावी ओळखला जाणारा टाटा एस हा छोटा टेम्पो २००५ साली बाजारात आला, तोही त्यांच्याच हाताखाली. एसचं डिझेल इंजिनही दोनच सिलिंडरांचं, ७०२ सीसीचं. म्हणजे कमी सिलिंडरांत संसार कसा करायचा, याचा सराव घरात होता. पण टेम्पोत धडधडाट झाला तर भाजीच्या पाट्या तक्रार करत नाहीत. मोटारीत सासूबाई बसणार असतात!

दोनच का?

मोटारीच्या इंजिनात सिलिंडर म्हणजे एकेक नळकांडं. त्यात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटतं, दट्ट्या म्हणजे पिस्टन खाली ढकलला जातो आणि त्या धक्क्याने दांडा फिरतो. प्रत्येक सिलिंडरमध्ये दांड्याच्या दोन फेऱ्यांमागे एकदा ठिणगी पडते. सिलिंडर चार असतील तर दर अर्ध्या फेरीला कुठे ना कुठे धक्का मिळतो. मारुती ८००सारखे तीन असतील तर दर दोन-तृतीयांश फेरीला. आणि दोनच असतील तर पूर्ण फेरीला एक. इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्या घेत शांत उभं असेल, तर चार सिलिंडरांच्या गाडीत सेकंदाला ३० धक्के बसतात, दोनांच्या गाडीत फक्त १५. तीस धक्के कानाला एकसंध सूर वाटतात, पंधरा मात्र वेगवेगळे मोजता येतील असं वाटतं. सिग्नलवरची ती डग-डग म्हणजे हेच पंधरा धक्के.

मग एवढा त्रास ओढवून घ्यायचा कशाला? कारण सिलिंडर कमी झाला की त्याच्यासोबतचं सगळं बिऱ्हाड कमी होतं. एक पिस्टन, एक कनेक्टिंग रॉड, दोन झडपा, एक स्पार्क प्लग, एक इंजेक्टर. दांडा आखूड होतो, इंजिनाचं धूड आखूड होतं, वजन उतरतं. घासणारे भाग कमी, त्यामुळे घर्षणात वाया जाणारं पेट्रोलही कमी. आणखी एक बारीक फायदा आहे. ६२४ सीसी चार सिलिंडरांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १५६ सीसी येतात. इतक्या लहान नळकांड्यात आत पेटलेल्या इंधनाची उष्णता भिंतींतूनच निसटून जाते. चार छोट्या पातेल्यांत चहा लवकर निवतो, एका मोठ्यात तो गरम राहतो, तसंच. ३१२ सीसीची दोन भांडी हा त्यामानाने शहाणा हिशेब.

नॅनोचं इंजिन पूर्ण ॲल्युमिनियमचं आहे. सिलिंडरचा व्यास ७३.५ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ७३.५ मिलिमीटर, म्हणजे अगदी चौकोनी बांधणी. प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा आणि वर एकच कॅमशाफ्ट. ताकद सुरुवातीला ३५ पीएस, पुढे ३८. पहिल्यांदा याहून लहान इंजिन करून पाहिलं होतं. गाडी कुंथू लागली. मग थोडं वाढवलं, तरी समाधान होईना, म्हणून आणखी वाढवलं, तेव्हा कुठे ६२४चा आकडा ठरला. घरातल्या वाढत्या मुलाच्या गणवेशासारखंच झालं म्हणायचं.

कार्बोरेटर नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. लाखाची गाडी म्हटल्यावर कार्बोरेटर असणार असा पुष्कळांचा होरा होता. पण प्रदूषणाचे नियम आणि मायलेज, दोन्ही साधायचं तर इंधन मोजून-मापून फवारावं लागतं. ते काम बॉश कंपनीने या गाडीसाठी मुद्दाम स्वस्त आणि सुटसुटीत केलेल्या संगणकावर सोपवलं. फळही मिळालं. पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या चाचणीत नॅनोने लिटरला २३.६ किलोमीटरचा आकडा दाखवला, पुढच्या आवृत्तीत तो २५.४ झाला. शहरातल्या गर्दीत, एसी लावून एवढं कुणाला मिळत नाही, हे निराळं सांगायला नको. चाचणीचा आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांचं नातं लग्नाच्या फोटोसारखं असतं.

थरथर आवरणारा दांडा

दोन सिलिंडरांचा मोठा दोष म्हणजे थरथर. धुण्याच्या यंत्रात ओले कपडे एका बाजूला गोळा झाले की ते कसं आपटतं, घरातल्या गृहिणीला वेगळं सांगायला नको. तिथे आपण झाकण उघडतो आणि कपडे सारखे पसरतो. इंजिनात वर-खाली धावणारे पिस्टन पसरवता येत नाहीत. चार सिलिंडर असले की दोन वर जाताना दोन खाली येतात आणि हिशेब बराचसा मिटतो. दोनच असले की काही ना काही शिल्लक उरतंच.

त्यावर उपाय म्हणून नॅनोच्या इंजिनात एक जादा दांडा बसवला. त्याला बॅलन्सर शाफ्ट म्हणतात. त्याचं वजन मुद्दाम एका बाजूला जास्त ठेवलेलं असतं आणि तो मुख्य दांड्याच्या उलट दिशेने फिरतो. पिस्टन एकीकडे हिसका देतात त्याच क्षणी हा दुसरीकडे हिसका देतो. दोघांच्या ओढाताणीत गाडीतला माणूस सुखी! एरवी एक-एक रुपया वाचवणाऱ्या या गाडीत हा दांडा ठेवायचा निर्णय झाला, यावरून तो नसता तर काय झालं असतं याची कल्पना यावी. थरथर पूर्ण गेली असं मात्र नाही. गाडी उभी असताना ती जाणवते. वेग धरला की निवळते आणि मग गाडी चक्क खुशीत पळते.

ताकद ३५ पीएस, पण गाडीचं वजनही सहाशे किलोंच्या आसपासच. त्यामुळे शहरातल्या तीस-चाळीसच्या वेगाला ती चपळ वाटते. अवघ्या चार मीटरच्या त्रिज्येत वळते. गिअर चार. ताशी १०५ किलोमीटरला लगाम लावलेला. शून्यापासून शंभरला पोचायला जवळजवळ अर्धा मिनिट लागतो, तेव्हा महामार्गावर ट्रकला मागे टाकण्याआधी समोरचा रस्ता लांबवर रिकामा आहे ना, हे पाहिलेलं बरं. घाटात चार माणसं, सामान आणि एसी अशी त्रिस्थळी यात्रा असेल तर खालच्या गिअरवर यावंच लागतं. यात तक्रारीला जागा नाही. ही गाडी मुळात मुंबई-गोवा पल्ल्यासाठी काढलेलीच नव्हती.

बॉनेट उघडावं तर...

इंजिन मागे ठेवण्याचा विचार नवा नव्हता. जर्मनीची फोक्सवॅगन बीटल तशीच होती. नॅनोची खरी मावशी शोभावी ती इटलीची फियाट ५००. १९५७ साली आलेल्या त्या चिमुकल्या गाडीतही इंजिन मागे, सिलिंडर दोन, तेही हवेवर थंड होणारं, ४७९ सीसीचं. युद्धानंतरच्या इटलीत स्कूटरवरून फिरणारी कुटुंबं तिने मोटारीत बसवली. म्हणजे प्रश्न तोच आणि उत्तरही तेच, फक्त मध्ये पन्नास वर्षं गेली. आपल्याकडेही इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी सामान्य माणसासाठी ‘मीरा’ नावाची छोटी गाडी स्वतःच्या हिकमतीवर तयार केली होती. ती कारखान्यापर्यंत पोचली नाही, याची हळहळ जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून डोकावते.

मागे इंजिन ठेवण्याचा पहिला लाभ जागेचा. पुढे लांब नाक लागत नाही, गाडीच्या मधून मागे जाणारा दांडा लागत नाही. सारं यंत्र मागच्या आसनाखाली आणि चाकांच्या मध्ये दडपलं की उरलेली गाडी माणसांची. नॅनोची लांबी फक्त ३.१ मीटर. मारुती ८००पेक्षा बाहेरून ८ टक्के आखूड, पण आतून २१ टक्के ऐसपैस, असा कंपनीचा दावा होता आणि आत बसलेल्या कुणीही तो खोडून काढला नाही. सहा फुटी माणूस मागे ताठ बसतो, डोकं छताला लागत नाही. पाय अवघडलेल्या ज्येष्ठांना तर तिची उंच बैठक फार मानवली. खाली वाकून गाडीत शिरण्याऐवजी खुर्चीवर बसल्यासारखं नुसतं टेकायचं.

दुसरा लाभ स्टिअरिंगचा. पुढच्या चाकांवर इंजिनाचं ओझं नाही, त्यामुळे पॉवर स्टिअरिंग नसतानाही गाडी हलक्या हाताने वळते. वजन मागे जास्त, म्हणून मागचे टायर रुंद आणि पुढचे अरुंद ठेवले. पुढे १३५ मिलिमीटर, मागे १५५. हे ध्यानात न घेता पुढचा टायर मागे आणि मागचा पुढे बसवणारे महाभाग भेटतात. तसं करू नये.

तोटेही मागूनच आले. इंजिनाचा आवाज आणि उष्मा मागे बसणाऱ्यांच्या वाट्याला. सामान ठेवायला जागा अगदी बेताची. आणि सर्वांत मोठी गंमत म्हणजे, हॅचबॅक म्हणवणाऱ्या या गाडीचं मागचं दार उघडतच नव्हतं! ते दार दिसायचं, पण होतं नुसतं दिसण्यापुरतं. सामान ठेवायचं तर आतून मागचं आसन पाडायचं. इंजिन पाहायचं तरी तेच, आसन पाडून सामानाच्या जागेतलं झाकण काढायचं. उघडणारं दार द्यायचं तर बिजागऱ्या, कुलूप, रबर आणि सांगाड्याला जादा बळकटी हवी, म्हणजे पैसे हवेत. पेट्रोल भरायचं तोंड मात्र पुढे, बॉनेटखाली. पंपावरचा पोऱ्या नळी घेऊन मागे धावायचा, मालक पुढून हाक मारायचे. नव्या नॅनोच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत हा खेळ प्रत्येक गावात झाला असेल.

काटकसर जिथे-तिथे होती. वायपर एक. चाकाला चाराऐवजी तीन नट. स्टिअरिंगचा दांडा पोकळ. चारही चाकांना ड्रम ब्रेक. स्पीडोमीटर मधोमध. साध्या मॉडेलला एसी नाही. यातल्या काही गोष्टी खरोखर हुशारीच्या होत्या. सहाशे किलोंच्या गाडीला चौथा नट हवाच कशाला? पण काही गोष्टी ग्राहकाच्या मनाला लागल्या, आणि त्यांत ते न उघडणारं दार पहिलं. पाहुण्यांची बॅग घ्यायला स्टेशनवर जावं आणि चारचौघांत आसन पाडत बसावं, हे कुणाला आवडणार?

वाजतगाजत आली आणि...

१० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात रतन टाटांनी स्वतः ही गाडी चालवत व्यासपीठावर आणली, तेव्हा साऱ्या जगाचे कॅमेरे तिथे होते. नावही समर्पक. गुजरातीत ‘नानो’ म्हणजे लहान. पश्चिम बंगालमधल्या सिंगूरला कारखाना उभा राहत होता, पण शेतजमिनीच्या संपादनावरून मोठं आंदोलन झालं. ऑक्टोबर २००८मध्ये कंपनीने तिथून पाय काढला आणि गुजरातेतल्या साणंदची वाट धरली. सिंगूरचं ते संपादनच बेकायदा होतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६मध्ये दिला आणि जमिनी शेतकऱ्यांना परत करायला सांगितल्या. ती कहाणी एका वेगळ्या लेखाची. नॅनोपुरतं सांगायचं तर तिचा ऐन मोक्याचा काळ या स्थलांतरात गेला.

मार्च २००९मध्ये मुंबईत गाडी विक्रीसाठी जाहीर झाली. एप्रिलमध्ये नोंदणी सुरू झाली. अर्ज ३०० रुपयांचा. दोन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले आणि पहिल्या एक लाख गाड्या कुणाला द्यायच्या, हे सोडत काढून ठरवावं लागलं. एक लाख ही कारखान्यातली किंमत होती. कर आणि वाहतूक धरून दिल्लीत साधी गाडी सव्वा लाखाच्या आसपास पडत होती. तरीही रतन टाटांनी शब्द पाळला, असंच म्हणायला हवं. साणंदचा कारखाना जून २०१०मध्ये सुरू होईपर्यंत उत्तराखंडातल्या पंतनगरहून थोड्या-थोड्या गाड्या येत राहिल्या.

आणि मग २०१०मध्ये काही नॅनोंना आग लागली. मुंबईत एक नवी कोरी गाडी शोरूममधून घरी नेताना पेटली, ती छायाचित्रं देशभर छापून आली. रचनेत दोष नाही, असा कंपनीने चौकशीअंती खुलासा केला, तरी एक्झॉस्ट आणि विजेच्या जोडण्यांना जादा संरक्षण मोफत बसवून द्यायची तयारी दाखवली. हे योग्यच झालं. पण ज्या गाडीचं इंजिन मुलांच्या आसनाखाली आहे, तिच्याबद्दल आईच्या मनात एकदा भीती शिरली की खुलाशाने ती निघत नाही. नोव्हेंबर २०१०मध्ये अख्ख्या देशात फक्त ५०९ नॅनो विकल्या गेल्या. नंतर विक्री सावरली. २०११-१२ या वर्षात ७४ हजारांहून अधिक गाड्या गेल्या आणि तोच कळस ठरला. साणंदची क्षमता मात्र वर्षाला अडीच लाखांची होती.

विक्री का खुंटली, याची कारणं पुष्कळ दिली जातात. त्यांतलं एक अगदी घरगुती आहे. आपल्याकडे मोटार ही नुसती वस्तू नसते. ती दारात उभी राहते, शेजारी पाहतात, तिला हार घालून पेढे वाटले जातात. ‘देशातली सर्वांत स्वस्त गाडी’ अशी जिची ख्याती, ती दारात उभी करून पेढे वाटायचे कसे? ज्या स्कूटरवाल्या कुटुंबासाठी तिचा घाट घातला, त्यातले बरेचजण आणखी दोन वर्षं थांबून, कर्ज काढून अल्टो घेऊ लागले. या ‘स्वस्त’ शिक्क्याने नुकसान केलं, हे पुढे खुद्द रतन टाटांनीही मान्य केलं होतं.

कंपनीने सुधारणा केल्या, पण उशिरा. २०१३मध्ये सीएनजीवरची नॅनो आली. २०१४च्या ‘ट्विस्ट’ मॉडेलला विजेवरचं पॉवर स्टिअरिंग मिळालं. २०१५च्या ‘जेनएक्स’ नॅनोत मागचं दार अखेर उघडू लागलं, पेट्रोलची टाकी १५ लिटरवरून २४ लिटरची झाली आणि क्लचशिवाय चालणारा पाच गिअरचा ऑटोमॅटिक पर्यायही आला. शहरात रोज मुलांना शाळेत सोडणाऱ्या, नव्याने गाडी शिकलेल्या बाईसाठी यापेक्षा सोयीची गाडी त्या किमतीत नव्हती. पण तोवर किंमत दोन लाखांवर गेली होती आणि लोकांचं लक्ष दुसरीकडे. डिझेल नॅनोची चर्चा वर्षानुवर्षं चालली, ती गाडी दुकानात कधी आलीच नाही. जून २०१८मध्ये साणंदला महिन्याभरात फक्त एक नॅनो तयार झाली. पुढे तेही थांबलं.

विशेष म्हणजे दोन सिलिंडरांची कल्पना खुळचट होती, असं नाही. खुद्द फियाटने २०१० साली नव्या ५०० गाडीत ८७५ सीसीचं ‘ट्विनएअर’ हे दोन सिलिंडरांचं इंजिन आणलं आणि २०११मध्ये ते जगातलं वर्षातलं सर्वोत्तम इंजिन ठरलं. युरोपात ज्याला टाळ्या मिळाल्या, त्याला आपल्याकडे ‘रिक्षाचं इंजिन’ म्हणून नाकं मुरडली गेली!

आज घ्यावी का?

जुन्या बाजारात नॅनो आज एखाद्या नव्या स्कूटरच्या किमतीच्या आसपास, कधी त्याहूनही कमी पैशांत मिळते. त्यामुळे पुष्कळ घरांत हा प्रश्न खराच उभा राहतो. स्कूटरवर चौघांनी लोंबकळत जायचं, की ही घ्यायची?

आधी सुरक्षिततेचं स्पष्ट बोलायला हवं. जानेवारी २०१४मध्ये जाहीर झालेल्या ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत नॅनोला शून्य तारे मिळाले. त्याच फेरीत अल्टो ८००, आय१०, फिगो आणि पोलो यांच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलांनाही शून्यच मिळालं, पण त्याने नॅनो सुरक्षित ठरत नाही. तिला एअरबॅग नाही, एबीएस नाही. म्हणून महामार्गावर रोज धावण्यासाठी ती घेऊ नये, हे निक्षून सांगावंसं वाटतं. गावातल्या गावात, तीस-चाळीसच्या वेगाने, सर्वांनी पट्टे लावून, पावसात लेकरं कोरडी ठेवायची असतील तर मात्र दुचाकीवरच्या चौघांपेक्षा छपराखालचे चौघे केव्हाही बरे. मूळ विचारही एवढाच होता.

घ्यायची ठरली तर आधी शक्यतो २०१५ नंतरची, मागचं दार उघडणारी पाहावी. इंजिन पूर्ण थंड असताना चालू करून पाहावं. विक्रेत्याने गाडी आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावं. सुरू झाल्यावर गाडी उभीच ठेवून दोन मिनिटं ठेका ऐकावा. तो सारखा असायला हवा. मधूनच एखादा ठोका चुकत असेल, तर चार सिलिंडरांच्या गाडीत चौथाई ताकद जाते, इथे मात्र एकदम निम्मी. थरथर आरसा हलण्याइतकी असेल तर इंजिनाची रबरी माउंटिंग्ज झिजली असणार. ती बदलता येतात, पण त्याचे पैसे किमतीतून वजा करायला लावावेत. मागचं झाकण उघडून तेलाची गळती, विजेच्या तारांना मागाहून मारलेले जोड आणि इंधनाच्या रबरी नळ्यांना पडलेल्या भेगा बघाव्यात. बाहेरच्या दुकानातून बसवलेला हॉर्न, दिवे, टेप यांच्या तारा ओढलेल्या असतील तर चांगल्या वायरमनकडून सगळं उकलून घ्यावं. यात हयगय नको. अर्धा तास चालवून, एसी लावून, तापमानाचा दिवा लागतो का तेही पाहावं.

शेवटी कागद. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०११पर्यंत नोंदलेल्या गाड्यांची ती मुदत सरत आली आहे किंवा संपलीच आहे. पुढच्या पाच वर्षांसाठी ती वाढवायची तर आरटीओत गाडी तपासून घ्यावी लागते आणि शुल्क भरावं लागतं. चाळीस-पन्नास हजारांच्या गाडीला हा खर्च जड जातो, म्हणून पुष्कळ विक्रेते नेमक्या याच सुमाराला गाडी काढतात. आरसी पुस्तकावरची तारीख आधी वाचावी, रंग आणि सीटकव्हर नंतर पाहावेत.